कुहीचा रॉकेट झुला आणि धानाचं पोतं

"वहिनी, तुमाले फुकट हाये. फक्त भाऊले घेऊन या, पहिली उडी त्याचीच!" विलासचा फोन आला आणि आमचा रविवार गेला.

विलास माझ्या नवऱ्याचा, म्हणजे सुनीलचा, मामेभाऊ. कुहीजवळच्या आपल्या धानाच्या शेतात त्याने कृषी पर्यटन केंद्र काढलंय. कृषी म्हणजे दोन बैल, पर्यटन म्हणजे सेल्फी पॉइंट. सुनीलचं सीताबर्डीत कपड्यांचं दुकान आहे, वजन नव्वद किलोच्या पुढे. उद्घाटनाची उडी आपली म्हटल्यावर त्याने दुकानातला नवाकोरा ट्रॅकसूट चढवला. मी अकरावीला फिजिक्स शिकवते. अशा सहलीत असा माणूस कुणालाच नको असतो.

नागपूरहून तासा-सव्वा तासाचा रस्ता. उमरेड रोडवर ट्रक फार, तेव्हा सकाळीच निघा आणि पोहे दिघोरीलाच खाऊन घ्या. कुहीकडे वळलं की दोन्ही बाजूंना धानाच्या हिरव्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधूनच बगळे. तो तुकडा खरंच सुंदर आहे. आमच्या गाडीच्या टायरांचं मत वेगळं असेल.

फाटकावर फ्लेक्स: 'रॉकेट झुला. फॉरेन मटेरियल. फुल सेफ्टी.' आत चार लोखंडी खांब, त्यांना लटकलेले चार रबरी दोर, मध्ये कमरेचा पट्टा आणि खाली जुन्या गाद्या. पट्टा बांधायचा, उडी मारायची, दोर वर खेचणार. सुनील पट्ट्याकडे निघालाही होता.

मी नुसती वर बघत होते. झुला रिकामा होता, तरी डावीकडचा एक दोर बाकीच्यांपेक्षा हातभर खाली लोंबत होता.

"भाऊजी, हा लांब कसा झाला?"

"काही नाही वहिनी. चिखलात ट्रॅक्टर फसला होता. याच दोरानं ओढून काढला! पाहा, किती मजबूत हाये!"

"मग तो लांबच राहिला का?"

"लांब झाला म्हणजे अजून लवचिक झाला ना!"

स्थितिस्थापकता हा शब्द काढला की माझा वर्ग पेंगतो, म्हणून साध्या भाषेत सांगितलं. रबर ताणून सोडलं की पुन्हा मूळ लांबीवर येतं. पण मर्यादेबाहेर ओढलं तर ते परतत नाही, लांबच राहतं. असा दोर आतून फाटायला लागलेला असतो, बाहेरून मात्र तसाच दिसतो.

पाहुणे खुर्च्यांवर खोळंबले होते, पुढच्या खुर्चीत विलासची आई, म्हणजे आमच्या मामी. सुनील माझ्याजवळ येऊन दात आवळत म्हणाला, "काहून नाट लावून राहिली वं? मामी पाहून राहिली."

"तुमच्या वजनाचं काहीतरी आधी टांगा. मग खुशाल उडा."

विलासने हसत एक भलंमोठं पोतं आणवलं, सुनीलपेक्षाही जाडजूड. पट्ट्यात बांधून सोडलं. पोतं मस्त उडालं. टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर बँडही वाजवला.

"झालं समाधान?" विलासने विचारलं.

मी पोत्याला हात लावला. आत कोंडा. मी एकटीने ते उचललं.

"आकार पाहू नका भाऊजी, वजन पाहा. याच पोत्यात कोंडा काढून धान भरा."

मामी मोठ्याने पुटपुटल्या, "शिकलेली सून करा अजून!" पण आता पाहुण्यांनाच मजा वाटू लागली होती. धान भरलं. तेच पोतं उचलायला तीन माणसं लागली. त्यांनी ते वर खेचून सोडलं.

पहिला झोका बरा गेला. दुसऱ्याला तो डावा दोर फटकन तुटला. त्याच्या टोकाचा लोखंडी आकडा सणसणत जाऊन फ्लेक्समध्ये घुसला. पोतं गाद्यांच्या बाहेर, बांधावरच्या दगडांवर आपटून फुटलं. सगळीकडे धान.

सुनील त्या दगडांकडे बघत होता. हळूच त्याने ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. ऊन चांगलंच तापलं होतं.

जेवणात पाटोडी रस्सा उत्तम होता. थाळी तीनशेची आहे, जरूर घ्या. पंगतीत मात्र निकाल लागला होता. "नजर लागली," मामी म्हणाल्या. "ह्या बोलल्या म्हणून तुटला," एक काका म्हणाले. सकाळपर्यंत विज्ञानाचं कौतुक सांगणारे एक निवृत्त हेडमास्तरही मान डोलावत होते.

विलास जेवायला बसलाच नाही. विळा घेऊन शिडीवर चढला आणि उरलेले तिन्ही दोर त्याने एकेक करून कापले. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, दुपारी पोरं उडणार होती." आणि तो गाद्या गुंडाळायला लागला. दिवसभरात मी त्याची टर उडवायची संधी सोडली नव्हती, पण तेव्हा मी गादीचं दुसरं टोक धरलं.

परतताना दिघोरीच्या सिग्नलला सुनील म्हणाला, "ते पोतं फुटलं त्याचा आवाज जाऊन नाही राहिला वं कानातून." मी त्याच्या हातावर हात ठेवला. मागच्याने हॉर्न वाजवला.

तर जायचं असेल तर जा. बैलगाडी छान आहे, बगळे फुकट आहेत. कुठल्याही झुल्यावर चढण्याआधी तो रिकामा असताना एकदा वर बघा. कुणी हसलं तर हसू द्या.

सासरच्या मंडळींत माझं नाव आता 'काळ्या जिभेची' पडलंय. मामींनी पुढच्या पूजेचं आमंत्रण फक्त सुनीलला दिलं. तो गेला नाही. मी हे लिहितेय आणि तो समोर शेंगा फोडत, टरफलं सगळ्या घरभर पाडत बसलाय. आज मी त्याला काही म्हणणार नाही.