रडणारं मूल आणि सव्वापाचची गाडी

दुपारी कान्ह्याला उतरले तेव्हा भातं पोटरीत आली होती आणि माझी स्वारी खुशीत होती. मावळातल्या वाड्यांवर तान्ह्या मुलांचे खुबे तपासायचं काम आमच्या पुण्याच्या दवाखान्याने माझ्यावर सोपवलं होतं. खुबा जन्मतः सैल असेल तर पहिल्या काही आठवड्यांत हाताला कळतं. मांड्या फाकलेल्या राहतील असं जाड फडकं काही महिने बांधलं की तो बहुधा जागेवर बसतो. उशीर झाला तर मात्र ऑपरेशन, आणि तरीही लंगडेपण राहू शकतं.

वाटेत ओढ्यात एक चप्पल वाहून गेली. दुसरी कशासाठी ते न कळता हातात धरून मी वाडीपर्यंत चढले.

वाडीची सुईण ठकूमावशी अंगणातच भेटली. "आदी खाऊन घ्या," म्हणाली. मिलोची (रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीची) भाकरी घशाखाली उतरेना. चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण मात्र मी मागून घेतलं.

तेवढ्यात समोरून अडीच वर्षांची एक पोर कोंबडीमागे गेली. दर पावलाला तिचं अंग डावीकडे कलत होतं. माझा घास हातातच राहिला.

"कुणाची ही?"

"सखूची सुली. तुमीच बगितलं व्हतं की हिला, सव्वा म्हैन्याची आसताना."

मला आठवलं. सुली तेव्हा आकांत करत होती. रडणारं मूल पाय ताठ धरतं, मग तपासणीला काही अर्थ नसतो, हे मीच नर्सना शिकवते. पण मला सव्वापाचची गाडी गाठायची होती. दोनदा मांड्या फिरवून मी 'ठीक' लिहिलं आणि निघाले.

"चोळताना माज्या हाताला खट लागायचं," मावशी खाली बघत म्हणाली. "म्या सखूला सांगितलं बी."

सखू दारात उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "डाक्टरीणबाई चांगलं हाय म्हनल्या, मग आमी मावशीचं ऐकलं न्हाई. आता काय करायचं, बाई?"

सुलीला मांडीवर घेतलं. डावी मांडी पुरती उघडेना, पायही आखूड होता. पुण्याला न्यावं लागेल, ऑपरेशन, मग महिनोन्महिने प्लास्टर, आणि चाल पुरती सुधारेल असा शब्द देता येत नाही, सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं.

"भात कापून झालं की येतो," सखू म्हणाली. मग विचारलं, "दुखंल का तिला?"

"हो," मी म्हणाले.

शेजारच्या घरी वीस दिवसांचं बाळ होतं. हात लावताच त्याने टाहो फोडला. मी मावशीकडे बघितलं.

"निजू द्या," ती म्हणाली.

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. बाळ दूध पिऊन सैल झालं तेव्हा आधी मावशीने मांड्या चाचपल्या, मग मी. खुबे घट्ट होते. वाडी उतरायला लागले तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते.

कान्ह्याच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत अनवाणी बसले. गाडी चुकली तर काय होतं? तासभर खोळंबावं लागतं, पाय गार पडतात, घरचा चहा उशिरा मिळतो. बस, एवढंच. सुलीच्या वेळी मात्र ती गाडी मला मिळाली होती.