यांना दाखवायला आणलंय

सातारा गाठायचा तो फक्त सांगलीत कुणी पाहू नये म्हणून. सांगलीत मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. तिथं दाताच्या डॉक्टरकडं गेलो तरी दुसऱ्या दिवशी वर्गातून आवाज येतो, "सर, दाढ काढली का?" आणि मला जायचं होतं समुपदेशकाकडं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, एसटीतसुद्धा मी तोंड खिडकीकडं करून बसायचो.

कारण सरळ होतं. माझं मन पुरुषांवर जातं, हे मला कळत्या वयापासून ठाऊक आहे, आणि औंधजवळच्या आमच्या गावात माझं लग्न ठरत आलं होतं. वडील फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. त्यांच्यापुढं घरात कुणी चढ्या आवाजात बोलत नाही. मुलीकडचे ऊसवाले बागायतदार, मुलगी पदवीधर. नाही म्हणायला माझ्याकडं सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं.

समुपदेशक बाई पन्नाशीच्या, मूळच्या वाईच्या. मला वाटलं होतं, 'धीट व्हा, सांगून टाका' म्हणतील. तसल्या धाडसाची तयारी करूनच मी गेलो होतो, म्हणजे आदल्या रात्री जेवलो नव्हतो. पण त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात लग्न मोडणं कुणाच्या हातात असतं?"

"वरवर वडिलांच्या. खरं तर आईच्या."

"मग वडिलांना आत्ताच सांगायला हवं असं काही नाही. तुम्ही जसे आहात त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसत नाही. पण तुम्हाला त्याच घरात परत जाऊन जेवायचंय, हे मी विसरून चालणार नाही."

मी आईला सांगायचं वाक्य घोकून नेलं होतं. त्यात 'लैंगिक ओळख' होतं, 'स्वीकार' होतं. बाई हसल्या. "आईशी असं बोलता तुम्ही?" छे. आईशी मी गावच्या बोलीतच बोलतो, आणि आमच्या बोलीत माझ्यासारख्यांसाठी जे शब्द आहेत ते सगळे शिव्यांत जमा. "मग नाव घेऊच नका," त्या म्हणाल्या. "काय होतं तेवढं सांगा." पुढच्या कितीतरी भेटी यातच गेल्या. एवढा शिकलेला मास्तर, आईच्या भाषेत चार वाक्यं बोलायची शिकवणी लावून बसला होता.

वाक्यं तयार झाल्यावर त्या म्हणाल्या, आईला इथं घेऊन या. मी टाळलं. ती गाव सोडत नाही, म्हणालो. खोटं होतं ते. मला आईची लाज वाटत होती. तिचे मिश्रीनं काळे पडलेले दात, रानात हाक मारल्यासारखा आवाज, लुगड्याला येणारा गोठ्याचा वास. त्या स्वच्छ खोलीत ती बसलेली मला डोळ्यांपुढंच आणवत नव्हती. स्वतःची लाज जावी म्हणून तिथं जाणारा मी, आईची लाज बरोबर घेऊन बसलो होतो. हे मात्र मी त्या बाईंना सांगितलं नाही.

मग गावाकडून फोन आला, रविवारी सुपारी फुटणार. तेव्हा कुठं मी आईला साताऱ्याला बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. "काम हाय," म्हटल्यावर ती आली.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना. त्याच्या वर एकच दार आणि जिन्यात बाणासकट ठळक पाटी, मानसिक समुपदेशन. आम्ही पाटी ओलांडून वर चढत होतो, तोच मागून हाक आली. "सर, तुम्ही इकडं?" आमच्याच कॉलेजातला इंग्रजीचा सहकारी. सासुरवाडी साताऱ्याची, मुलीच्या दातांना तार बसवायला आला होता. त्याची नजर पाटीवर गेली, तिथून माझ्यावर.

मला विचार करायला क्षणही लागला नाही. "गावाकडच्या आहेत, ओळखीच्या," मी म्हणालो आणि कपाळाला बोट लावलं. "यांना दाखवायला आणलंय."

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "व्हय वं सायेब. डोस्कं ठिकानावर न्हाई माजं. लय दिस झालं, झोपच न्हाई. ह्ये शेजारचं पोरगं, लय गुणाचं. घिऊन आलं."

"काळजी घ्या, मावशी," म्हणून तो उतरला. आम्ही वर गेलो.

आत बाई आपली खुर्ची सोडून आईशेजारी येऊन बसल्या. प्रवास कसा झाला, यमाईच्या डोंगरावर अजून पायी चढता का, असं विचारत राहिल्या. आई सैल झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आई, मला बाईसंगं संसार न्हाई जमायचा. माजं मन बाप्यांवरच जातं. ल्हानपणापास्नं. लय झगडलो, पर त्ये बदलत न्हाई."

आई बाईंना म्हणाली, "ह्याला औषद हाय का?"

"आजारच नाही मावशी, तर औषध कशाला?"

"मंग यमाईला काय सांगू? सुनंसाटनं नवस बोललीया म्या." आणि ती रडू लागली, मयताला रडतात तशी, गळा काढून. बाईंनी तिला गप्प केलं नाही. मी दाराकडं बघत होतो. आवाज खालच्या दवाखान्यात जातो की काय, म्हणून. त्या वेळीसुद्धा.

डोळे पुसून ती म्हणाली, "ती पोरगी हकनाक मरंल की रं." इतक्या महिन्यांत त्या मुलीचा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

स्टँडवर औंधची गाडी लागली तशी तिनं पिशवी काखेत मारली. मग म्हणाली, "रविवार माज्यावर सोड."

"काय सांगणार?"

"जिन्यात तूच सांगितलंस की. आईचं डोस्कं फिरलंय, साताऱ्याला दाखवलंय. असल्या घरात पोरगी कोण देतंय?" आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नको म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "आन् आबा?"

"त्यास्नी बायकू येडी म्हनून सांगाय जमंल. पोराचं न्हाई सांगाय जमायचं."

लग्न मोडलं. बातमी तालुकाभर गेली. पूर्वी गावातल्या कुठल्याही लग्नात भट्टीवरचं मीठ-तिखट आईच्या हातचं असायचं. आता तिला पहिल्या पंगतीला बसवून वाटेला लावतात.

बाईंना मी सगळं सांगितलं, जिन्यासकट. "तुमचं गुपित तुमच्या सोयीनं उघडावं, म्हणून मी कधी घाई केली नाही," त्या म्हणाल्या. "पण आता ते तुमची आई वागवतेय." मी मान डोलावली. मान डोलवायला मला चांगली जमते.

परवा दिवाळीला गावी गेलो. एसटीतून उतरलो तर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, "आईचं कसं हाय रं? गोळ्या चालू हायती न्हवं?"

दर खेपेला वाटतं, आज खरं सांगावं. चार वाक्यं पाठ आहेत, त्याच्याच बोलीत.

"चालू हायती," मी म्हणालो. "लय फरक हाय आता."