निळा ओहोळ डावीकडे

चाळीस वर्षं खिडक्यांना काचा बसवल्या म्हणून गल्लीत त्यांचं नावच काचकाका. गुडघे कुरकुरायला लागले तशी शिडी सुटली, पण काच काही सुटेना. मागच्या खोलीत त्यांनी नवा उद्योग मांडला. रिकाम्या बाटल्या फोडायच्या, तुकडे पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवायचे आणि साच्यात ओतून लाद्या करायच्या. काकूंचे बिस्किटांचे डबे हिरव्या-तपकिरी तुकड्यांनी भरून गेले.

"पाहुण्यांना काय वाढू, बाटलीचा चुरा?" असं काकू म्हणायच्या आणि बाटल्यांवरची लेबलं खरवडायला त्याच बसायच्या.

सून दातांची डॉक्टर. नवा दवाखाना थाटताना तिने ग्रॅनाइटवाल्याला थांबवलं. "बाबा, समोरचा काउंटर तुम्हीच करा. तीन आठवड्यांनी, सोमवारी उद्घाटन आहे."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घराबाहेर जाणारं हे त्यांचं पहिलंच काम! नक्षीही ठरली: पांढऱ्यावर निळ्या काचेचा ओहोळ, आलेल्या माणसाला उजवीकडे, तपासणीच्या खोलीकडे नेणारा. निळ्या बाटल्या सहजी मिळत नाहीत. काकूंनी घरोघर हिंडून अत्तराच्या, औषधाच्या असतील नसतील तेवढ्या गोळा केल्या.

साचा सुताराने केला. लादीची दर्शनी बाजू साच्याच्या तळाशी येते, लादी काढून उलटली की डाव्याचं उजवं होतं, म्हणून त्याने काउंटरचं गोल टोक आठवणीने उलट बाजूला घेतलं. काकांनी ओहोळ मात्र खुशाल उजवीकडे मांडला.

आठवड्याने लादी काढली, पाणी सोडत मशीनने घासली. काच लखलखली, आणि काका ओरडलेच, "अरे देवा!"

"अहो, तडा गेला का?" काकू धावत आल्या.

"तडा परवडला असता. ओहोळ डावीकडे चाललाय!"

"मग फिरवून ठेवा."

"गोल टोक भिंतीत जाईल ना."

"चाळीस वर्षं काचेत काढलीत, आणि एवढं कळलं नाही?"

"खिडकीच्या काचेला कुठे असते गं दर्शनी बाजू? कशीही लावा."

निळा तुकडा एकही उरला नव्हता, आणि उद्घाटनाला दिवस चारच. संध्याकाळी सून आली. काकांनी मान खाली घालूनच सगळं सांगितलं. "ग्रॅनाइटवाल्याला बोलाव. अजून वेळ आहे."

सून लादीवरून हात फिरवत राहिली. "डावीकडे तर बेसिन आहे ना?"

"तेच तर! पेशंट जायचा कुठे आणि ही नेणार कुठे?"

"नेऊ द्या हो बाबा. अर्धी माणसं खाऊन थेट खुर्चीत येतात. आधी चूळ भरून या, सांगून सांगून माझंच तोंड दुखतं."

"म्हाताऱ्याची समजूत काढतेस."

"सोमवारी बघा."

सोमवारी काका सकाळपासून दवाखान्यात, कोपऱ्यातल्या खुर्चीत ठाण मांडून बसले. पहिले आले एक जाडजूड मास्तर, गाल सुजलेला. नाव सांगता सांगता त्यांचं बोट निळ्या काचेवरून सरकत गेलं, टोकाला पोचलं. त्यांनी वर पाहिलं. बेसिन दिसलं. कुणी काही न सांगता ते तिकडे वळले आणि खळखळून चूळ भरून आले.

काकांची छाती फुगली.

"झालं," काकू कुजबुजल्या, "आता गावभर सांगाल, मुद्दाम केलं म्हणून."

मास्तरांनी विचारलंच, "झकास आहे हो! कुणी केलं?"

"मीच," काका म्हणाले. काकूंकडे एकदा पाहिलं. "उलटं झालंय ते. पण आता सुलट करा म्हणाल, तर करणार नाही!"