मध्ये सोडलेली जागा

शुद्धलेखन चुकलं आणि अक्षर लागलं नाही तर माफी असावी, शाळा चौथीपर्यंतच झाली.

माझी मुलगी कर्नल लिहिते, म्हणजे कम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रामांच्या खालचा मूळ प्रोग्राम. ती नोकरीत कायम व्हायची होती तेव्हा तिच्या कामामुळे तळोज्याच्या कारखान्यातलं मशीन बंद पडलं. दोन दिवस ती वहीत चौकटी काढत बसली. मग एकदम हसली.

"आई, तुझी सवय नडली. आपल्या दिघ्याच्या खोलीत तू वीतभर जागा रिकामी ठेवत नाहीस, म्हणून मीपण आकडे खेटून भरले."

ते मशीन आकडे ठेवायची आठ-आठ घरं एकदम उचलतं. मोठा आकडा अर्धा या आठात नि अर्धा पुढच्या आठात आला की अडतं. म्हणून मध्ये काही घरं मुद्दाम रिकामी सोडायची असतात.

"साहेबांना काय सांगशील?" मी घाबरून विचारलं.

"माझी चूक झाली, असं."

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. तिने मात्र तसंच सांगितलं, जागा सोडली, आणि मशीन चालू झालं. ती कायम झाली. तिच्या लॅपटॉपसाठी मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या ताईंकडून पैसे घेतले होते, ते तिने पुढच्याच पगारात सगळे फेडले.