आठ फाशांचा हंस

ऑर्व्हिल टेशने आकडा लिहिला की तो गाईनेही मान्य करायचा, असं मार्ल लेकच्या पंचक्रोशीत म्हणत. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि ऑर्व्हिलचा धंदा गाईंचाच. दर महिन्याला प्रत्येक गोठ्यात जायचं, एकेका गाईचं दूध तोलायचं, फॅट काढायची आणि हिरव्या वहीत नोंद करायची. एखादा शेतकरी गळ घाली, "ऑर्व्हिल, तीन पॉइंट नऊचं चार करून टाक ना. जत्रेत बक्षिसाला लावायचीय रे." ऑर्व्हिल पेन्सिल कानामागे खोचत म्हणे, "मग तिला सांग चार द्यायला." असा माणूस शेजारी असावा, पाहुणा म्हणून एक दिवस चालतो, घरात मात्र त्याच्या बायकोने, व्हर्नानेच सोसावा. तिने छत्तीस वर्षं सोसला होता.

याच माणसाला रविवारी दुपारी राक्षसांचा नाद होता.

चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारच्या टेबलावर चौघे जमत. एकाने गुहा सांगायची, बाकीच्यांनी आपापले वीर घेऊन आत शिरायचं, आणि कोण जगलं कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. गुहा सांगणारा ऑर्व्हिल. शिरणारे पास्टर होल्म, लायब्ररीतली जॉइस आणि लीरॉय शिमान्स्की. हा लीरॉय गावातला चीज बनवणारा आणि ऑर्व्हिलचा शाळेपासूनचा दोस्त. पास्टर दर रविवारी सकाळी सैतानाविरुद्ध बोलत आणि दुपारी त्याला शोधायला तळघरात उतरत. यात काही विसंगती आहे असं गावात कोणालाच वाटत नसे, कारण कॉफी तीच असे.

पण खेळ ही ऑर्व्हिलला निमित्तमात्र गोष्ट. त्याचा खरा जीव होता यादीत. त्या खेळात जेवढे म्हणून राक्षस, भुतंखेतं, जनावरं भेटत, त्यांची त्याने नोंद ठेवली होती, तीही गाईंच्याच हिरव्या वहीत, छापील मथळे खोडून. दुधाच्या वजनाच्या रकान्यात जीव किती फाशांचा, म्हणजे ते जनावर किती मार खाऊन मरेल, ते. 'वासरं' या रकान्यात एका वेळी किती भेटतात. 'लाथ मारते का?' हा रकाना त्याने खोडलाच नाही. तिथे ड्रॅगनपुढे लिहिलं होतं, "नाही. आग ओकतो." शेवटी धीराचा आकडा, दोनपासून बारापर्यंत. दोनवाला सावलीला पाहून पळतो, बारावाला मरेपर्यंत हटत नाही.

नियम एकच, गोठ्यातलाच. जे समोर तोललं नाही ते वहीत नाही. राक्षस टेबलावर भेटलेला हवा आणि निदान तिघांनी पाहिलेला हवा. शेजारच्या आयोवातून खेळणारी मंडळी पत्रं पाठवत, आम्ही सात डोक्यांचा बेडूक काढलाय, यादीत घ्या. ऑर्व्हिल कार्डावर दोन शब्द लिहून पाठवी, "साक्षीदार कोण?" एक्क्याऐंशी साली या वहीवरून त्याने सुवाच्य यादी टाइप केली, जॉइसने लायब्ररीत तिच्या प्रती काढल्या, आणि पाच राज्यांतल्या तळघरांत ती वेदवाक्य होऊन बसली.

त्याच वर्षी हंसाचं प्रकरण झालं.

लीरॉयचा वीर होता बोर्क नावाचा बुटका. सहा वर्षं जगलेला, म्हणजे त्या खेळात भीष्माचार्यच म्हणायचा. त्या रविवारी मंडळी ड्रॅगनच्या गुहेकडे निघाली होती. वाटेत एका शेतकऱ्याचं अंगण लागलं, अंगणात एक हंस. आपण हंसावर सरस्वती बसवतो. त्या मुलखात पाळीव हंसाच्या वाटेला पोस्टमनसुद्धा जात नाही. पण लीरॉयच्या पायात गुहेसाठी घेतलेले नवे लोखंडी बूट होते.

"मी त्याला लाथ घालतो," लीरॉय म्हणाला.

ऑर्व्हिलने यादी उघडली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. हंस, आठ फाशांचा जीव, एका चाव्याला दोन ते बारा जखमा.

"हा हंस आठ फाशांचा आहे," तो म्हणाला.

जॉइस एवढी हसली की कॉफी नाकात गेली. लीरॉयही हसला. मग हंस चावला, अकरा. पुन्हा चावला, नऊ. लीरॉय हसायचा थांबला. तिसऱ्या चाव्याला बारा पडले आणि बोर्क, ज्याने दोन राक्षस आणि एक चेटकीण लोळवली होती, तो खुराड्याच्या दारात मेला.

"ऑर्व्हिल, अरे हंस आहे तो," लीरॉय म्हणाला. "लिहिलंय कोणी हे?"

"मी."

"मग?"

"मग लिहिलंय."

त्या टेबलाची रीत अशी की मेलेल्या वीराचा कागद बिस्किटांच्या निळ्या डब्यात जायचा. ऑर्व्हिलने बोर्कचा कागद डब्यात टाकला, टोपण लावलं आणि खेळ पुढे चालू केला. पुढच्या रविवारी लीरॉय आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण म्हणाल तर झालं नाही. त्या मुलखात भांडत नाहीत, नुसते यायचे थांबतात. हिवाळ्यात बर्फ पडलं की लीरॉय सकाळी नेमाने येऊन ऑर्व्हिलच्या दारापुढचं बर्फ ट्रॅक्टरने सारून देई, हात वर करी आणि निघून जाई. अकरा वर्षं. टेबलाची चौथी खुर्ची कोणी हलवली नाही. पास्टर तिच्यावर कोट ठेवत, पण तोही जरा संकोचून.

ऑर्व्हिलला लीरॉयवाचून करमत नव्हतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत लायब्ररीत कॉम्प्युटर आला आणि जॉइस म्हणाली, आता नवी यादी करू, सुधारून वाढवून. ऑर्व्हिल जुनी हिरवी वही काढून टाइप केलेल्या यादीशी ओळीनओळ ताडून पाहू लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खाली लाकडी पट्टी धरून. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने हंस, म्हणजे गूस, आणि त्याच्या लगेच खाली गॉर्गन नावाचा लोखंडी बैल. वहीत हंसापुढे होतं, अर्धा फासा, एक जखम. बैलापुढे आठ फासे, दोन ते बारा.

यादीत नेमकं उलटं होतं. एक्क्याऐंशी साली टाइप करताना पट्टी एक ओळ खाली घसरली होती आणि सावरताना एक ओळ वर गेली होती.

व्हर्ना बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं तर नवरा पांढराफटक.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"बोर्क."

"तो तर कधीच गेला."

"उगाच गेला," ऑर्व्हिल म्हणाला, आणि तिला पट्टी दाखवली.

व्हर्नाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण माणसांतलं कळत असे. "गुपचूप नीट करून टाक," ती म्हणाली. ती त्याला जोखत होती.

"गुपचूप?"

"मग जा आणि सांग त्याला. अकरा वर्षं तो माणूस तुझ्या टेबलाशी बसत नाही आणि तुझ्या दारातलं बर्फ काढतो. याला काय म्हणायचं तूच सांग."

"शेजारधर्म."

"त्याचं घर चार मैलांवर आहे, ऑर्व्हिल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्व्हिल वही काखेत मारून लीरॉयच्या कारखान्यात गेला. लीरॉय गुडघाभर बुटांत, लांबलचक हौदात चीजसाठी लावलेलं घट्ट दही कापत उभा होता. ते काम अर्धवट सोडता येत नाही, त्यामुळे त्याला पळता येणार नव्हतं. तसं ऑर्व्हिललाही यायचं नव्हतं, पण तो आला होता. दोघे हवेबद्दल बोलले. मग तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीबद्दल. मग लीरॉयच्या गुडघ्याबद्दल, आणि गुडघा संपल्यावर दुसऱ्या गुडघ्याबद्दल. तिथली रीत आहे, खरी गोष्ट दाराच्या मुठीला हात घातल्याशिवाय निघत नाही. ऑर्व्हिल "बरं, निघतो" म्हणाला, दारापर्यंत गेला, मूठ धरली आणि दाराकडे तोंड करूनच बोलला.

"हंस अर्ध्या फाशाचा होता. माझी पट्टी घसरली."

मागे दही कापायचा आवाज थांबला.

"चुकलं माझं," ऑर्व्हिल दाराला म्हणाला. "नव्या यादीत दुरुस्त करतोय. बोर्कला डब्यातून काढतो. तो मेलाच नाही असं धरू."

"कोणाकोणाला सांगितलंस?" लीरॉयने विचारलं.

"व्हर्नाला."

"बस्स. आणखी कोणाला सांगू नकोस."

ऑर्व्हिल वळला. लीरॉयचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता, पण रागाने नव्हे.

"अरे गाढवा, अकरा वर्षं मी ती गोष्ट सांगतोय. इथून ग्रीन बेपर्यंत एक दारूचा गुत्ता सोडला नाही. आठ फाशांचा हंस! लोक मला बिअर पाजतात. माझ्या पोरीने माझ्या पत्रपेटीवर लाकडी हंस बसवलाय. आणि आता तू येऊन म्हणतोस अर्धा फासा? म्हणजे माझा बोर्क साध्या हंसाला लाथ घालायला गेला आणि मेला. उद्या मी गुत्त्यात तोंड कसं दाखवू?"

करायला गेलो काय आणि झालं काय. "मग तू यायचा का थांबलास?" ऑर्व्हिलने विचारलं. हा प्रश्न अकरा वर्षं त्याच्या घशात होता.

लीरॉयने पुन्हा दही कापायला घेतलं.

"तो मेला म्हणून नाही," तो म्हणाला. "मरतात ते. सहा वर्षांचा होता बोर्क. तू टोपण लावलंस आणि पास्टरना विचारलंस, 'आता दार कोण उघडतंय?' एक शब्द नाही, ऑर्व्हिल. मोलीसाठीसुद्धा तू टोपी काढली होतीस."

मोली ही गाय होती. ती मेली तेव्हा ऑर्व्हिलने खरंच टोपी काढली होती. त्याला आता जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याने मूठ फिरवली आणि तो बाहेर पडला.

आता मोठीच पंचाईत. खरा आकडा लिहावा तर दोस्त गुत्त्यातून उठतो, खोटा ठेवावा तर आयुष्यभराची वही उठते. ऑर्व्हिल तीन दिवस गोठ्यांतून फिरला आणि त्याने दोन गाईंची नावं चुकवली, हे याआधी कधी झालं नव्हतं. शनिवारी एका गोठ्यात त्याने एक गाय तोलली, रोज तीस पौंड देणारी, त्या दिवशी तिने छप्पन दिलं. पोराबरोबर पाहत उभा असलेला शेतकरी म्हणाला, "काटा बिघडला असेल. लिहू नकोस." ऑर्व्हिलने काटा तपासला. काटा ठीक होता. "दिलंय ना तिने?" तो म्हणाला. "तिघांनी पाहिलंय. मग लिहायचं." आणि पेन्सिल हवेतच धरून तो थांबला. शेतकऱ्याला वाटलं, माणसाला काहीतरी झालं.

रविवारी तळघरात लीरॉय आला. हातात ताज्या चीजच्या खड्यांची पिशवी, खडे दाताखाली चुंचूं वाजणारे, म्हणजे त्याच सकाळचे. पास्टरनी खुर्चीवरचा कोट उचलला. जॉइसने उगाचच कॉफीचं भांडं पुसलं.

ऑर्व्हिलने नव्या यादीचं पान लीरॉयपुढे सरकवलं. त्यावर होतं, हंस, साधा, अर्धा फासा. आणि त्याखाली वेगळी नोंद. बोर्कचा हंस. जीव आठ फासे. चावा दोन ते बारा. एका वेळी भेटतात, एक. धीर बारा. लाथ मारते का? नाही, खातो. साक्षीदार चार.

"खोटं नाहीये हे," ऑर्व्हिल म्हणाला. "चौघांनी पाहिलाय. टेबलावर भेटला तो आहे."

लीरॉयने पान दोनदा वाचलं आणि नाक शिंकरलं.

पास्टर होल्म वाकून खालची ओळ वाचत होते. "हा लोखंडी बैल आठ फाशांचा कसा?" त्यांनी विचारलं. "मी मारला तेव्हा अर्धा होता." पंच्याऐंशी साली त्यांनी हा बैल चपलेच्या एका फटक्यात मारला होता आणि ते दोन प्रवचनांत येऊन गेलं होतं.

"तुमचा पुढे आहे, पास्टर," ऑर्व्हिल म्हणाला.

पुढे होतं, बैल, लोखंडी, आजारी. पास्टरनी ते वाचलं आणि थंडपणे एक चीजचा खडा तोंडात टाकला.

मग ऑर्व्हिलने निळा डबा काढला. टोपण उघडून तळातला पिवळा पडलेला कागद घेतला. उभा राहिला. डोक्यावरची धान्य कंपनीची टोपी काढली आणि गाईंच्या नोंदी वाचतो त्याच आवाजात वाचू लागला. बोर्क, बुटका. ताकद सतरा. शहाणपण सहा. जखमा सोसण्याची शक्ती एकतीस. दोन राक्षस, एक चेटकीण. एक दोरी, पन्नास फूट. लोखंडी बूट, नवे. वाचून झाल्यावरही तो टोपी हातात धरून मिनिटभर तसाच उभा राहिला, आणि बाकीचेही उभे राहिले. वर ऑर्गनवर कोणीतरी सराव करत होतं.

त्याने कागद डब्यात ठेवला, टोपण लावलं आणि बसला.

"आता दार कोण उघडतंय?" त्याने विचारलं.

"मी," लीरॉय म्हणाला. त्याच्यापुढे नव्या बुटक्याचा कोरा कागद होता, पायात काय आहे तो रकाना अजून रिकामा. "पण आधी सांग. अंगणात हंस आहे का?"

ऑर्व्हिलने समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला, पाहिला आणि नियमाप्रमाणे पडला तो आकडा सांगितला.

"एक आहे."

"कुठला?"

"ते इथून कळत नाही."

लीरॉयने खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर पहिली नोंद केली: बूट, मऊ.