तीस दिवस उत्तर नाही

तीस दिवसांत ज्या कॉम्प्युटरांनी सर्व्हरला काहीच कळवलं नाही ते दाखव, असं मी डेटाबेसला विचारलं. सतरा नावं आली. त्यांचा मी एक गट केला आणि त्याला नाव दिलं, 'बंद'. पाच वाजता साहेब ती नावं ऑफिसच्या नोंदीतून काढणार होते.

त्यातलं एक रेकॉर्ड रूमचं होतं. सहज म्हणून खाली डोकावलो, तर कॉम्प्युटर चालू आणि सावंतबाई त्यावर जुन्या फायलींची नावं टाइप करताहेत. नेटची वायर तेवढी निसटली होती.

"अहो बाई, सांगायचं नाही का?"

"काम चाललंय की. म्हटलं, कशाला उगाच त्रास द्या."

डेटाबेसला विचारलेल्या माझ्या प्रश्नाला एवढंच कळत होतं, की मला उत्तर कोण देतं. जो गप्प तो संपला, हे माझं मीच ठरवलं होतं. फोन न करणाऱ्या माणसांचाही असा एक गट माझ्या डोक्यात आहेच.

वायर बसवून वर आलो, तोच बाईंचा फोन.

"आता दिसते का हो मी?"

"दिसता," मी म्हणालो.

यादीत अजून सोळा नावं होती, आणि पाच वाजत आले होते.