दादांची जेली

आमच्या प्रयोगशाळेतल्या दादांइतका संशयी माणूस अख्ख्या अमरावतीत नसेल. दादा म्हणजे आमचे सीनियर, पीएच.डी. करणारे. ते प्रथिनांची जेली बनवत. तिच्यात औषध कोंडलेलं असतं. चिघळलेल्या जखमेत काही एन्झाइमं वाढतात, ती जेलीला कातरतात आणि औषध हळूहळू सुटतं. जखम भरू लागली की जेली गप्प. मला हे कळायला एक सेमिस्टर लागलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, त्यामुळे विचारायचीही भीती वाटे. दादा मात्र चहावाल्यालाही समजावून सांगत.

जेलीजवळ ते कुणाला शिंकूही देत नसत. मी एकदा तिथे पाणी प्यायलो, तर म्हणाले, "अबे, हे काय तुह्या मामाचं हॉटेल हाय? बाहीर जा!" झाडायला येणाऱ्या मावशींनाही आधी हात धुवावे लागत. मावशी म्हणायच्या, "पोरगी पाहाले आलेल्यायची बी एवढी चौकशी नाई होत, बापा."

एवढं करूनही सोमवारी केलेली जेली मंगळवारी पाणी झालेली असे, तीही एन्झाइम न घालता. दादांचा चेहरा उतरून जाई. अकोल्यात त्यांच्या आईला साखरेचा आजार होता, पायाची जखम भरत नव्हती आणि ती फोनवर रोज विचारायची, "झालं का रे तुहं औषध?"

दादांच्या घरी पपईची बाग. सोमवारी ते अकोल्याहून येताना कच्ची पपई आणत. नियम म्हणजे नियम, म्हणून व्हरांड्यात जाऊन तिखटमीठ लावून खात. पण बाहेरच्या सुरीवर त्यांचा भरवसा नव्हता. पपई कापायची ती जेली कापायच्या सुरीनेच, मग सुरी ॲप्रनला पुसून परत जागेवर.

एका सोमवारी फोड तोंडात असतानाच ते थांबले. "पपईच्या चिकातल्या एन्झाइमानं मटण गळून मऊ होते, मंग तो जेलीले कावून सोडीन? अबे, चोर तं मीच हावो!"

सुरी बदलली. जेली टिकली, आणि एन्झाइम घातल्यावरच विरघळली. आम्ही पेढे मागितले. दादांनी आधी आईला फोन लावला, स्पीकरवर.

"झालं, आई. पण काचेच्या बशीत झालं. माणसाच्या पायाले लावाले अजून लय वर्षं लागतीन."

 आई म्हणाली, "बरं. कोन्या तरी आईच्या कामी येईनच नं."

त्यानंतर आठवडाभर दादा कुणावरच ओरडले नाहीत. आम्हालाच करमेना.